मदत हवी आहे: बंद पाकिटातली चिठ्ठी 'वाचायची' आहे, पण डाग राहतो

नमस्कार मंडळी,

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, आठवी-नववीच्या मुलांसाठी 'चमत्कारामागचं विज्ञान' असा कार्यक्रम बसवतोय. पाकीट न फोडता आतला प्रश्न ओळखणाऱ्या बुवांच्या गोष्टी मुलांच्या कानावर असतातच, म्हणून तोच प्रयोग घेतलाय.

अर्धं काम झालंय. 1895 मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि पाठोपाठ 'आरपार दाखवणारी' खेळणी बाजारात आली. त्यातली चार आरशांची पेटी पुठ्ठ्याची बनवली. आरसे 45 अंशांत, त्यामुळे उजेड खालून वळसा घालून डोळ्यापर्यंत येतो. मध्ये पाकीट धरा नाहीतर वीट, पलीकडचा बल्ब दिसतोच. पाकिटाच्या आतलं मात्र काही दिसत नाही. 'एक्स-रे चष्मा' तर त्याहून थोर! पुठ्ठ्याला भोक आणि आत पक्ष्याचं पीस. पिसाच्या तंतूंमुळे प्रकाशाचं विवर्तन होऊन प्रत्येक वस्तूला दुहेरी कड दिसते, तीच म्हणे हाडं.

खरं वाचता येतं ते पाकीट ओलं केल्यावर. कागदाच्या तंतूंमधली हवा प्रकाश विखुरते. तिची जागा द्रवाने घेतली की कागद भज्यांच्या कागदासारखा अर्धपारदर्शक होतो. द्रव उडून गेला की पुन्हा पांढरा, पुरावा गायब. निदान पुस्तकी हिशोब असा. घरातलं सॅनिटायझर लावलं तर अक्षरं दिसली, पण तेलकट डाग राहिला आणि बॉलपेनची शाई फुटली. दुसरं काय वापरू? मुलं समोरच बसतील, तेव्हा सुरक्षित हवं.

प्रतिसाद

सर, डाग ग्लिसरीनचा आहे. हात कोरडे पडू नयेत म्हणून सॅनिटायझरमध्ये ते घालतात आणि ते उडत नाही. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिटही नको, काहींत एरंडेल असतं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, 99 टक्क्यांचं. पाणी जास्त असेल तर कागद सुरकुततो.

बॉलपेन आणि मार्कर दोन्हींची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. मऊ पेन्सिलीने मोठं, ठळक लिहा. चिठ्ठीची घडी नको, लिहिलेली बाजू पाकिटाच्या पुढच्या अंगाला चिकटून हवी. पाकीट साधं पांढरं, पातळ घ्या. खाकी जाड पडतं आणि बँकेच्या पाकिटांना आतून निळी नक्षी असते, ती यासाठीच.

फवारा मारू नका, कापसाच्या बोळ्याने पुसा. खिडक्या उघड्या ठेवा. आणि दीपप्रज्वलनाची समई आधी दुसऱ्या खोलीत हलवा, हे फार महत्त्वाचं. याची वाफ पेट घेते. आरशांच्या पेटीसाठीही मेणबत्ती नको, टॉर्चच बरा.

धागाकर्ता

धन्यवाद ताई! समईचं डोक्यातच आलं नव्हतं. पेन्सिल 6बी चालेल ना? चित्रकलेच्या सरांकडे तीच आहे.