प्रतिसाद: कमी व्होल्टेजला स्टार्टरची कॉइल का जळते?

वर विचारलंय की व्होल्टेज कमी तर करंटही कमी, मग शेतातल्या पंपाच्या स्टार्टरची कॉइल नेमकी तेव्हाच का जळते? ही कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी; ती चुंबक बनून वरचा सरकता भाग खाली ओढते, तेव्हा पंप चालू होतो. डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) कॉइल असती तर तुमचा हिशोब बरोबर होता. तिथे करंट फक्त तारेच्या रोधावर ठरतो. पण ही कॉइल एसीवर, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर चालते. एसीत करंटला खरा लगाम घालतो तो कॉइलचा प्रेरकत्व (बदलत्या करंटला विरोध करण्याचा) हा गुण, आणि तो लोखंडी गाभ्यातल्या फटीवर अवलंबून असतो. वरचा सरकता भाग खाली येऊन चिकटला की फट मिटते, प्रेरकत्व वाढतं, करंट झपकन उतरतो. फट उघडी असताना तोच करंट कित्येक पट असतो. ४१५ व्होल्टची कॉइल ३०० वर आली की ओढ अपुरी पडते, भाग अर्ध्यावरच थरथरतो आणि तो मोठा करंट वाहतच राहतो. बारीक तार मग किती वेळ टिकणार?

गाभ्याच्या तोंडाशी तांब्याची छोटी कडी बसवलेली असते, तीही बघा. ५० हर्ट्झला (सेकंदाला ५० आवर्तनं) चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं. कडीतला प्रेरित करंट तेवढ्या भागातलं चुंबकत्व थोडं मागे ठेवतो, म्हणून ओढ कधीच पूर्ण सुटत नाही. कडी तुटली की स्टार्टर गुरगुरतो.

वॉशिंग मशीनच्या एसीवर चालणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हचंही असंच. आतला दांडा अडकला की कॉइल तापते.

नवी कॉइल टाकण्याआधी मेन स्विच बंद करून गाभ्याची तोंडं कोरड्या फडक्याने पुसा. तिथला गंज आणि धूळसुद्धा फट मिटू देत नाही.