मदत हवी आहे: पीएफडीत मॉलिक्युलर सीव्हचा रिसायकल कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी. मळीपासून दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल काढणाऱ्या डिस्टिलरीचा पीएफडी (प्रोसेस फ्लो डायग्राम, म्हणजे प्रक्रियेतले प्रवाह दाखवणारं ड्रॉइंग) करतोय. फर्मेंटर, मग अ‍ॅनालायझर आणि रेक्टिफायर (अल्कोहोल वेगळं आणि तीव्र करणारे ऊर्ध्वपातन स्तंभ) इथपर्यंत मास बॅलन्स (आत आलं किती, बाहेर गेलं किती याचा हिशेब) जुळला. (पहिल्या ड्रॉइंगमध्ये फर्मेंटरमधून बाहेर जाणारा कार्बन डायऑक्साइडच विसरलो होतो, दिवसाचे चक्क ४५ टन! सरांनी लाल पेनाने गोल करून कागद परत दिला.)

आता गाडी अडलीये मॉलिक्युलर सीव्हवर (अल्कोहोलमधलं उरलेलं पाणी शोषणाऱ्या दाण्यांचे बेड). दोन बेड आहेत. एक पाणी शोषतो तेव्हा दुसरा रिजनरेशनला (शोषलेलं पाणी काढून टाकायला). त्यातून निघणारी पाणीमिश्रित अल्कोहोलची वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत रेक्टिफायरला जाते, हाच रिसायकल. पण दर काही मिनिटांनी बेड बदलतात, म्हणजे हा प्रवाह सलग नाहीच. स्ट्रीम टेबलमध्ये (ड्रॉइंगखालच्या प्रवाहांच्या तक्त्यात) तासाची सरासरी लिहायची की पीक फ्लो? नुसती सरासरी लिहिली तर कंडेन्सरवाला छोटा कंडेन्सर गळ्यात मारेल, ही भीती. आणि दोन्ही बेड काढायचे की एकच ब्लॉक पुरे? व्हॉल्व्ह पीअँडआयडीत (पाइप आणि उपकरणांच्या तपशीलवार ड्रॉइंगमध्ये) जातील, ते माहीत आहे.

शिवाय रिसायकल टाकला की एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची (सूत्र फिरून स्वतःवरच येतं) बोंब मारतं. कुणी रिसायकलचा आकडा आधी धरून, पुन्हा पुन्हा सुधारत हाताने जुळवलंय का? किती फेऱ्या लागल्या? शुक्रवारी रिव्ह्यू आहे.