एफवायबीए: आर्थिक भूगोल नक्की कसा अभ्यासायचा? पाठ होतं पण डोक्यात शिरत नाही

वणीकरीण
नमस्कार सगळ्यांना. मी यंदा एफवायला आहे पुण्यात, गाव वणीजवळ (यवतमाळ जिल्हा). बारावीत भूगोल आवडायचा म्हणून मेजरला तोच घेतला, पण आर्थिक भूगोलाच्या पेपरने वाट लावलीये. व्हॉन थ्युनेनची वर्तुळं (शहरापासून किती लांब कुठली शेती, ते) झाली, आता वेबरचा त्रिकोण (कारखाना कुठे काढायचा, ते) चालू आहे, मॅडम अर्धं इंग्रजीत शिकवतात आणि मी पेपर मराठीत लिहिणार, नोट्स म्हणजे सीनियरच्या झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात आकृत्या नुसते काळे डाग दिसतात. व्याख्या रात्री पाठ केली की सकाळी गायब. तीन आठवड्यांनी इंटर्नल आहे. पुस्तक कुठलं घेऊ, सुरुवात कुठून करू? आणि त्या थ्युनेनच्या शहराला लागून दुसऱ्याच वर्तुळात जंगल का, हे कोणीतरी सांगा प्लीज.

प्रवराकाठी
आधी पुस्तकांवर पैसे घालवू नकोस. बारावीचं बालभारतीचं भूगोल आणि एनसीईआरटीची बारावीची दोन पुस्तकं, सगळी फुकट डाउनलोड होतात, तीन दिवसांत वाचून होतील. इंग्रजी शब्द अडला तर शासनाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. विद्यापीठाचं जाडजूड पुस्तक लायब्ररीतून त्यानंतर आण.

जंगलाचं म्हणशील तर साल बघ, १८२६. चूल लाकडावर, थंडीतली शेकोटी लाकडावर, घरं बांधायलाही लाकूड, आणि वाहतूक घोडागाडीने. लाकूड जड आणि त्या मानाने स्वस्त, लांबून आणलं तर सगळा पैसा भाड्यातच जाणार. त्याच्याही आत फक्त दूध-भाजी, कारण ती नासते. धान्य बाहेर. गुरं सगळ्यात बाहेर का माहितीये? ती स्वतःच्या पायांनी चालत बाजारात येतात :) एवढं कळलं की वर्तुळं पाठ करावी लागत नाहीत, दर वेळी विचारायचं की हा माल गाडीत घालून न्यायला किती जड आणि किती दिवस टिकेल.

वेबर (१९०९) पण तेच विचारतो, फक्त शेताऐवजी कारखान्याबद्दल. मी नगर जिल्ह्यातला, आमच्याकडे दहा टन ऊस गाळला की जेमतेम टनभर साखर निघते. म्हणजे पदार्थ निर्देशांक (कच्च्या मालाचं वजन भागिले तयार मालाचं वजन) दहाच्या आसपास. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घसरतो. मग कारखाना उसातच असणार ना, मुंबईला कशाला नेईल कोणी.

वणीकरीण
बाप रे, गुरांचं हे कोणी सांगितलंच नव्हतं! पण मग एक शंका. नोट्समध्ये लिहिलंय कापूस हा 'शुद्ध कच्चा माल', वजन घटत नाही, म्हणून गिरण्या कुठेही चालतात. मग आमच्या भागात एवढ्या जिनिंग (कापसातून सरकी काढायचे कारखाने) का आहेत? आणि एवढा कापूस असून कापडाच्या गिरण्या एवढ्या मुंबईत का झाल्या?

मूर्तिजापूरचा
नोट्स बनवणाऱ्याने कापूस आणि रुई (सरकी काढलेला कापूस) एकच धरलंय, तिथेच घोळ आहे. तुमच्या घरचा कापूस जिनिंगवर जातो तो सरकीसकट. क्विंटलभर कापसातून रुई पडते साधारण ३३-३५ किलो, उरलेली बहुतेक सरकी. म्हणजे जिनिंगचा निर्देशांक जवळपास तीन, म्हणून जिनिंग शेताजवळ. एकदा रुईची १७० किलोची गाठ बांधली की पुढे सुतात फारसं वजन घटत नाही, म्हणून सूतगिरणी कुठेही चालते. नोट्समधलं वाक्य गाठीपासून पुढे खरं आहे. आणि सरकी वाया जात नाही हे पण लिही, तेल निघतं, ढेप गावातल्याच म्हशी खातात.

मुंबईचं उत्तर नुसत्या वेबरमध्ये नाही. पहिली गिरणी १८५४ ची, कावसजी दावर यांची. बंदर, दमट हवा (कोरड्या हवेत सूत तुटतं), व्यापाऱ्यांकडचा पैसा, कोकणातून आलेले कामगार. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद झाल्यावर इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली लाइन १८६७ ला नागपूरला पोचली, नंतर आमच्या मूर्तिजापूरहून यवतमाळला शकुंतला. ती छोटी गाडी लोकांच्या सोयीसाठी नव्हती ताई, कापूस बंदरापर्यंत न्यायला होती. जुना नकाशा उघड, फाटे कुठे गेलेत बघ, कापूस आहे तिकडेच गेलेत.

वणीची आहेस म्हणून अजून एक. तुमच्याकडच्या खाणी आणि चंद्रपूरचं औष्णिक केंद्र. कोळसा जळला की तयार मालात त्याचं वजन शून्य, म्हणून वीज तारेतून पाठवलेली परवडते, कोळसा वॅगनमधून नाही.

पीजी_झालेला
सगळं छान आहे पण खरं सांगू का, ही मॉडेलं परीक्षेपुरतीच. साखर कारखाना कुठे निघतो हे निर्देशांकावर नाही, चेअरमन कोण त्यावर ठरतं. राज्यात दोन कारखान्यांमध्ये २५ किमी हवाई अंतराची अट आहे, वेबरला काय माहीत ती. जमशेदपूरचा टाटांचा पोलाद कारखाना (कंपनी १९०७ ची) घ्या, झरियाचा कोळसा, गुरुमहिसानीचं लोखंड, सुवर्णरेखेचं पाणी, एकदम पुस्तकातलं. पण पुढे १९५० च्या दशकात सरकारने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर सारखं केलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चाललं. खाणीजवळ असण्याचा फायदाच गेला, आपल्याकडचे कारखाने त्यावर वाढले.

प्रवराकाठी
@पीजी_झालेला चेअरमन कोणीही असो, कारखाना उसाच्या पट्ट्यातच काढावा लागतो की. आणि भाडं सारखं केल्यावर कोणाचं नुकसान झालं हे तुम्ही मोजताय कशाने? वेबरनेच ना? बाकी अंतराच्या अटीचा मुद्दा भारी आहे, @वणीकरीण, वेबरच्या मर्यादा लिहायला सांगितल्या तर हाच टाक.

नकाशावेडी
मी अभ्यासाची पद्धत सांगते कारण मी पण दोन वर्षांपूर्वी हेच रडत होते. एक कोरा महाराष्ट्राचा नकाशा रोज एक, त्यावर एकच गोष्ट. आज साखर, उद्या यंत्रमाग (भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी), परवा लासलगावचा कांदा. खाली दोन ओळी, 'इथेच का'. इचलकरंजीला अडशील, कारण तिथे ना बंदर ना तुमच्यासारखं कापसाचं पीक, पण सायझिंगवाला (सुताला खळ लावणारा), माग दुरुस्त करणारा, सुट्या भागांचं दुकान, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. असे एकमेकांना लागणारे धंदे एका जागी जमणं, ते समूहन. आकडे हवे असतील तर महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीत फुकट मिळते, आणि जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन शोध, त्यात तुझ्या तालुक्याचे तक्ते असतात. टोपोशीट (भागाचा तपशीलवार नकाशा) पण सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर मिळतं. यूट्यूबवर रात्र घालवू नको, शपथ.

वणीकरीण
सगळ्यांना खूप थँक्यू. काल रात्री बाबांना फोन करून विचारलं क्विंटलला रुई किती पडते. ते म्हणे, 'चौतीस धर, पाऊस लागला असला तर कमी. पण तुले भूगोलात हे कायले लागते?' मग मी वेबर सांगितला. दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणे हे त्या जर्मनाले कायले विचारायचं, जिनिंगचा हमाल सांगते. लासलगावचा नकाशा आज करतेय, कांद्याला पदार्थ निर्देशांक काढायचा असतो का?

नकाशावेडी
नाही गं, कांदा कांदाच राहतो :) तिथे साठवण बघ. कांदाचाळीत साठवलेला कांदा सुकतो, सडतो, वजन तिथे घटतं.