‘टोळी’ हा शब्द ठेवायचा की काढायचा?

सोनू: लेखाचा खर्डा टाकलाय. पुलाखाली झोपणाऱ्या बेघर मुलांत झालेल्या खुनावर आहे. 19 वर्षांच्या मुलाने 16 वर्षांच्या मुलाला भोसकलं, तीच घटना. दोन महिने तिथे जात होतो. शुक्रवारी संपादकांना द्यायचाय. वाचून मनमोकळं सांगा.

काकू: वाचला रे. सुरुवातीलाच ते रक्त, तो चाकू. पुढचं वाचायला थांबून परत यावं लागलं. पण लिहिलंयस छान.

नानाकाका: उत्तम. कोणीतरी खरं लिहिलं एकदाचं. या पोरांबद्दल लिहिणारे एकतर गळा काढतात नाहीतर बघतच नाहीत. बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली, या मुलांनी एकमेकांचं काय केलेलं असतं ते पाहिलंय मी.

ताई: सोनू, मला नाही आवडला. रागावू नकोस. पहिल्या पानावर ‘टोळी’ हा शब्द चार वेळा आहे. चौथ्या परिच्छेदात त्या मुलाला ‘सराईत’ म्हटलंयस. हे छापून आलं की काय होतं ते मला माहितीये. मागे अशीच एक बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी आमच्या निवारा केंद्राच्या दारात पन्नास माणसं उभी. हे इथून हलवा म्हणून. आत झोपणारी 23 मुलं होती, त्यातल्या एकाचाही त्या प्रकरणाशी संबंध नव्हता. त्या रात्री नऊ मुलं आलीच नाहीत. कुठे झोपली असतील?

सोनू: मग काय लिहूच नको? मुलगा मेलाय ताई.

ताई: लिही ना. त्यांच्या शाळेबद्दल लिही, कामाबद्दल लिही. दरवेळी चाकूच का?

नानाकाका: हे बरंय. म्हणजे मेला तो मुलगा तुमच्या निवाऱ्याच्या सोयीसाठी वाचकांपासून लपवायचा.

ताई: काका, असं नाही म्हणाले मी.

काकू: अहो, जरा सौम्य. ती रोज त्या मुलांत असते.

आत्या: सकाळपासून वाचतेय सगळ्यांचं. मोठं लिहिणार आहे, सावकाश वाचा.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हाची गोष्ट. रात्री अकराला बातमीदाराचा फोन आला. फुटपाथवर झोपणाऱ्या मुलांत मारामारी, एक मेला. जागा थोडी, पान सोडायची घाई. मी मथळा दिला, ‘फुटपाथवरील टोळीयुद्धात एक ठार’. दुसऱ्या आठवड्यात तोच बातमीदार जेवताना सांगत होता. मेलेला मुलगा 14 वर्षांचा. घरातून पळून येऊन अकरा दिवस झाले होते. थोरली मुलं त्याच्याकडून रोजचे पैसे काढून घ्यायची. त्या दिवशी त्याने द्यायला नकार दिला. मारामारी नव्हतीच, नाना. एकाला चौघांनी मारलं होतं. आणि मी त्या चौघांसोबत त्या पोरालाही ‘टोळी’त बसवलं. ‘युद्ध’ म्हटलं, म्हणजे दोन बाजू आल्या, म्हणजे त्याचीही एक बाजू झाली. दुरुस्ती कधी छापली नाही. मेल्यानंतरही त्याची खोटी ओळख छापून राहिली ती माझ्या हाताने. वीस वर्षं झाली, तो मथळा मला शब्दन् शब्द आठवतो.

म्हणून ताई, तुझं अर्धं पटतं. शब्द माणसाला गिळतो. पण हिंसा लिहूच नये हे मला मुळीच पटत नाही, कारण तो 14 वर्षांचा मुलगा कोणी मारला? त्याच्यासारख्याच बेघर मुलांनी. आपण हिंसा झाकली तर आधी झाकला जातो तो मार खाणारा. रस्त्यावर मारणारा आणि मार खाणारा शेजारी-शेजारी झोपतात, आणि बऱ्याचदा तो एकच मुलगा असतो, फक्त वर्ष वेगळं.

नानाकाका: शेवटचं वाक्य बरोबर आहे. ज्याची तक्रार लिहून घेतली त्यालाच दोन वर्षांनी आत टाकलंय मी.

सोनू: आत्या, पण वाचक पहिल्या ओळीत पकडायला लागतो. चाकू नसता तर काकूंनी पुढे वाचलं असतं?

काकू: मी वाचलं असतं. तू लिहिलंयस म्हणून. दुसऱ्यांचं सांगू शकत नाही.

आत्या: सोनू, चाकू राहू दे. माझं म्हणणं घड्याळाबद्दल आहे. तुझा लेख रात्री साडेबाराला सुरू होतो आणि पहाटे पोलीस आल्यावर संपतो. तेवढ्या साडेचार तासांत जे दिसतं ते एवढंच की ही मुलं अशीच असतात. रिओ द जानेरोचं उदाहरण देते. 23 जुलै 1993 च्या रात्री कँडेलारिया चर्चजवळ झोपलेल्या रस्त्यावरच्या मुलांवर गोळीबार झाला. आठ जण मेले. गोळ्या झाडणाऱ्यांत पोलीस होते. त्या रात्री वाचलेल्यांत सांद्रो नावाचा एक मुलगा होता. त्याने लहानपणी स्वतःच्या आईचा खून डोळ्यांदेखत पाहिला होता. सात वर्षांनी, 12 जून 2000 ला, याच सांद्रोने एक बस अडवून प्रवाशांना ओलीस धरलं. कित्येक तास ते टीव्हीवर थेट दिसत होतं. शेवटी ओलिसांमधली एक तरुणी मेली, आणि सांद्रोला पोलिसांच्या गाडीत गुदमरवून मारलं.

आता मला सांग, टीव्हीवर किती वाजल्यापासून दिसलं? दुपारपासून. 1993 ची ती रात्र त्या कॅमेऱ्यात नव्हती. बसमधल्या तरुणीचा जीव गेला तो गेलाच, सांद्रोचं बालपण सांगून तिचं मरण हलकं होत नाही, आणि कोणी तसं करू पाहिलं तर मी पहिली विरोध करीन. पण बस अडवली तिथून गोष्ट सुरू केली तर ती गोष्ट अपुरी आहे.

ताई: हे मला हवं होतं ग आत्या. मला नीट सांगता येत नव्हतं.

नानाकाका: यात धोका आहे. मग प्रत्येक गुन्हेगाराचं बालपण उगाळत बसायचं. ज्यांनी वाईट बालपण काढून चाकू उचलला नाही त्यांचं काय? तेच जास्त आहेत.

आत्या: तेच जास्त आहेत, म्हणूनच लेखात ते हवेत. सोनूच्या लेखात पुलाखाली किती जण झोपायचे ते नाहीच. सोनू, किती?

सोनू: चौदा. त्या रात्री अकरा होते.

आत्या: आणि भोसकणारा एक. रिक्षा थांबवायला धावलेले किती?

सोनू: तिघं. एकाने स्वतःचा शर्ट काढून जखमेवर दाबला होता. माझ्या वहीत आहे. लेखात नाही घेतलं, लांबी वाढत होती.

काकू: अरे देवा. हे टाकायचं सोडून तू चाकूच्या पात्याची लांबी लिहिलीस?

ताई: सोनू, कॅनडातल्या जॉन हेगन आणि बिल मॅकार्थी यांचं काम वाच. टोरंटो आणि व्हँकुव्हर इथल्या बेघर मुलांचा अभ्यास, पुस्तक 1997 चं. टोरंटोत निवारे आणि मदतीची सोय जास्त होती, व्हँकुव्हरमध्ये मुलांना पोलिसी पद्धतीने हाताळायचे. गुन्हे व्हँकुव्हरच्या मुलांत जास्त दिसले. पोट रिकामं असलं की खाणं चोरलं जातं, डोक्यावर छप्पर नसलं की मोठ्या चोऱ्या होतात, इतकं सरळ दिसत होतं त्यांना. म्हणजे तीच मुलं, शहर बदललं की वेगळी वागतात. ‘सराईत’ म्हटलं की शहर सुटतं, सगळं मुलाच्या अंगात जाऊन बसतं.

नानाकाका: पोलिसी पद्धतीने हाताळतात म्हणून गुन्हे वाढतात असं म्हणायचंय का तुला?

ताई: घरी मार खाऊन आलेल्या मुलांबाबत त्यांनी तेच दाखवलं काका. ज्यांना बाप मारायचा ती पोलिसांनी पकडल्यावर सुधारत नाहीत, आणखी बिथरतात.

नानाकाका: हं. यावर समोरासमोर बोलू.

सोनू: पण ‘टोळी’ला दुसरा शब्द काय? ती मुलं स्वतः ‘आपली फॅमिली’ म्हणतात. एकाला सगळे ‘पप्पा’ म्हणायचे, वय 20.

आत्या: मग ‘फॅमिली’ लिही, त्यांचाच शब्द आहे. पण सांभाळून. तो शब्दसुद्धा भाबडा नाही. अमेरिकेत पोर्टलंडला 2003 मध्ये अशाच एका रस्त्यावरच्या ‘फॅमिली’ने 22 वर्षांच्या मुलीला मारून टाकलं. तीही त्यांच्यातच राहायची, बौद्धिक अपंगत्व होतं तिला. त्यांच्या म्होरक्याने वयाच्या 16 व्या वर्षी आधी एक खून केला होता आणि शिक्षा भोगून नुकताच बाहेर आला होता. नियम मोडला म्हणून ‘फॅमिली’ने शिक्षा दिली, असा प्रकार. 2007 मध्ये त्यावर पुस्तक आलं. ते लिहायलाच हवं होतं, त्या मुलीसाठी. पण मग एका फॅमिलीवरून अशा सगळ्या फॅमिलींबद्दल किती बोलायचं? कारण ताई म्हणतेय त्याच अभ्यासकांनी 2002 मध्ये उलटंही दाखवलं होतं. अशा मानलेल्या कुटुंबात राहणाऱ्या मुलांवर हल्ले कमी होतात. एकटं झोपणाऱ्याला जास्त मार पडतो.

दोन्ही खरं आहे. ‘टोळी’ म्हटलंस तर राखण करणारी फॅमिली दिसत नाही. नुसतं ‘कुटुंब’ म्हटलंस तर पप्पाला घाबरणारं पोर दिसत नाही. तुझ्या पुलाखाली यातलं काय होतं? दोन महिने तू बसला होतास तिथे, मी नाही. तू सांग.

सोनू: दोन्ही होतं. पप्पा रात्री जागायचा, बाकीचे झोपायचे. आणि जो पैसे लपवेल त्याला तोच मारायचा.

आत्या: हे वाक्य जसंच्या तसं लेखात टाक.

काकू: वन्सं, एक विचारू? फोटो टाकणार आहेत का? 16 वर्षांचा मुलगा गेला, पण बाकीची पोरं तर तिथेच आहेत.

ताई: काकू, फार महत्त्वाचं बोललात. युनिसेफची वार्तांकनाची तत्त्वं आहेत मुलांबद्दल. त्यात फक्त अत्याचार झालेल्या मुलाचं नाही, ज्याने मारहाण केली किंवा ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलाचंही नाव बदला, चेहरा ओळखू देऊ नका असं आहे. 19 वर्षांचा तो कायद्याने मोठा आहे, पण शर्ट दाबणारा 15 चा आहे. सोनूने पुलाचं नाव, चहावाल्याचं वर्णन, सगळं दिलंय. ज्याला शोधायचंय तो अर्ध्या तासात शोधेल.

सोनू: पुलाचं नाव काढतो. फोटो पाठीमागून आहेत, तरी परत बघतो.

नानाकाका: आणखी एक, सोनू. ‘खुनी’ लिहिलंयस सहाव्या ओळीत. खटला उभा राहिलेला नाही. आरोपी लिही. हे दयामाया म्हणून नाही सांगत, कायदा आहे.

काकू: अमेरिकेत काहीतरी झालं होतं ना, पोरं राक्षस होणार म्हणून सगळे घाबरले होते?

आत्या: वहिनी, बरोबर. 1995 मध्ये जॉन डीयूलिओ नावाच्या प्राध्यापकाने ‘सुपरप्रेडेटर’ हा शब्द काढला. दयामाया नसलेल्या हिंस्र पोरांची लाट येणार, असं भाकीत. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलला, राज्याराज्यांत मुलांना प्रौढांसारख्या शिक्षा देणारे कायदे कडक झाले. लाट आलीच नाही, उलट त्याच सुमारास अल्पवयीनांचे गुन्हे उतरायला लागले होते. 2012 मध्ये मुलांच्या जन्मठेपेचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा भाकीत चुकलं असं मान्य करणाऱ्या निवेदनावर डीयूलिओंचीही सही होती. सतरा वर्षांनी. तोवर आत गेलेली पोरं तिशीला आली होती.

नानाकाका: हे मला माहीत नव्हतं.

थोडा वेळ लेख पुन्हा वाचला. सोनू, चौथा परिच्छेद. ‘सराईत’ हा आमचा शब्द आहे, खात्याचा. आम्ही तो उगाच लावत नाही, निदान लावू नये. त्या मुलावर आधीचे किती गुन्हे सिद्ध झालेत?

सोनू: एकही नाही काका. दोनदा संशयावरून नेलं होतं, दोन्ही वेळा सोडलं.

नानाकाका: मग कुठून आणलास?

सोनू: ठाण्यातल्या एका हवालदाराने बोलताना वापरला होता.

नानाकाका: काढ तो. आत्ताच्या आत्ता.

सोनू: काढला.

ताई: ‘टोळी’?

सोनू: तीन ठिकाणी काढला. एका ठिकाणी ठेवलाय, जिथे बाजूचा दुकानदार तो शब्द बोलतो. त्याच्या तोंडचा आहे, अवतरणात. चालेल ना आत्या?

आत्या: त्याच्या तोंडी राहू दे. लगेच पुढच्या ओळीत शर्टवाला मुलगा आण. रात्री फोन कर, सुरुवात बसून बघू.