शब्दचर्चा : जॅझमधल्या इम्प्रोव्हायझेशनला ‘उपज’ म्हणावं का?

विचारणा

अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ या १९५९च्या अल्बमबद्दल दिवाळी अंकासाठी लिहिते आहे. एक वाक्य काही केल्या जमत नाही : ‘कोलमनच्या पदार्पणाच्या अल्बममधील उत्स्फूर्त वादनाला समीक्षकांकडून संमिश्र स्वागत लाभले.’ शब्द जवळपास सगळे मराठी, तरी वाक्य परकं वाटतं. ‘उत्स्फूर्त वादन’ चालेल, की सरळ ‘उपज’ म्हणू? आपल्या रागसंगीतातला शब्द जॅझला लावणं कितपत योग्य?

प्रतिसाद

‘उपज’ म्हणा. याबाबत माझं मत ठाम आहे.

टाळ्या उत्स्फूर्त पडतात, बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळतो. कुणी न सांगता, आधी न ठरवता आपसूक घडलं, एवढंच हा शब्द सांगतो. त्यामागे तयारी होती की नाही, याबद्दल तो गप्प असतो आणि वाचणारा ‘नव्हती’ असं समजून चालतो. कोलमनच्या बाबतीत हा गैरसमज फार महागात पडेल, कारण त्याच्यावरचा मुख्य आरोपच हा होता की याला धड वाजवता येत नाही, मनाला येईल ते फुंकतो. म्हणजे ‘उत्स्फूर्त’ लिहिलं की तुम्ही नकळत त्याच्या विरोधकांच्या बाजूने साक्ष देता. याच अल्बममधल्या ‘इव्हेंच्युअली’ची सुरुवात ऐका. कोलमनचा ऑल्टो सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखंच एक वाद्य) भरधाव लयीत एकच धून खांद्याला खांदा लावून वाजवतात. कसून सराव केल्याशिवाय हे साधत नाही. ही मंडळी लॉस एंजेलिसमध्ये एकत्र सराव करूनच तयार झाली होती.

उपजेमागे तालीम असते, हे आपल्याकडे शब्दातच गृहीत आहे. बंदिश वर्षानुवर्षं तीच, पण आजच्या बैठकीत मध्येच जी अनपेक्षित जागा सुचली ती उपज. कथकातही हाच शब्द चालतो. शिवाय तो छोटा आहे, क्रियापदाशी जमतो : उपज करणे, उपजेने वाजवणे. ‘आशुरचना’ आशुकवीकडेच राहू द्या. ‘आयत्या वेळी’ने तर भाषण ठोकल्यासारखं वाटतं.

एक भर घालतो. एखादा सोलो कसा वाढत गेला हे सांगायचं असेल, तेव्हा ‘बढत’ वापरा. याच अल्बममधल्या ‘कन्जीनिअ‍ॅलिटी’त कोलमन एक लहानसा तुकडा घेतो, तो थोडा वाकवतो, त्यातून पुढचा काढतो, त्यातून आणखी पुढचा. स्वरवाक्याला स्वरवाक्य जोडत जाण्याच्या या रीतीला मराठीत याहून चांगला शब्द मला ठाऊक नाही. ‘सोलो’ मात्र सोलोच राहू द्या, ‘एकल वादन’ नको. मुंबईच्या वादकांच्या तोंडीही तोच आहे.

आणखी एक वाचक

मी ख्याल ऐकत वाढलो, म्हणून हरकत घेतो. उपज म्हटली की राग आला, ताल आला. चौकट आहे म्हणून उपजेला अर्थ. कोलमनने चौकटच मोडली, असं सगळीकडे वाचतो. मग तिथे ‘मुक्त’ हाच शब्द खरा नाही का? ‘मुक्त जॅझ’?

प्रतिसाद

हरकत रास्त आहे, पण मोडलं नेमकं काय ते बघू या.

त्या काळच्या जॅझची सर्वसाधारण रीत अशी : आधी धून वाजवायची. तिच्याखाली स्वरसंघांचा, म्हणजे कॉर्ड्सचा, ठरलेला क्रम असतो, बहुधा १२ किंवा ३२ मात्राखंडांचा. सोलो वाजवणारा त्याच क्रमावरून पुन्हा पुन्हा फिरत उपज करतो. आपल्या आवर्तनाशी याचं बरंच साम्य आहे. तो क्रम ऐकवायचं काम सहसा पियानोकडे असतं.

या अल्बममध्ये पियानोच नाही, गिटारही नाही. कोलमन, चेरी, बासवर चार्ली हेडन आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स, एवढेच चौघे. धून वाजते आणि सोलो सुरू झाला की कॉर्ड्सचा क्रम पाळायचं बंधन उरत नाही, ठरलेल्या मात्राखंडांत परतण्याचंही नाही. कोलमन जिकडे वळेल तिकडे हेडन बासवर त्याचा माग काढत जातो. पण हिगिन्सचा ठेका सुटत नाही, आणि शेवटी सगळे पुन्हा धुनेवर येतात. लय आहे, आवर्तन नाही. चौकटीची एक बाजू काढली, बाकीच्या शाबूत ठेवल्या.

पहिली रचना ‘लोनली वुमन’ घ्या. बास आणि ड्रम्सने सुरुवात होते. ड्रम्सची झांज द्रुत लयीत चाललेली, बास संथ, गंभीर. वरून सॅक्सोफोन आणि कॉर्नेट विलापासारखी धून घेऊन येतात. ती खालच्या द्रुत लयीला बांधलेली वाटत नाही, ओढत, थबकत जाते. दोघं एकत्र श्वास घेतात, एकत्र सुटतात, आणि तरी मात्रा मोजल्यासारखं कुठे वाटत नाही. केवळ एकमेकांकडे कान ठेवून हे चाललेलं असतं. विलंबित आणि द्रुत एकाच वेळी ऐकू यावेत, असं काहीसं. ख्यालाचा कान असलेल्या माणसाने तर हे आवर्जून ऐकावं, तुम्हाला ते लवकर भिडेल.

‘मुक्त’ला माझा विरोध नाही. कवी अनिलांच्या मुक्तछंदामुळे तो शब्द मराठी वाचकाला सरावाचा आहे, आणि मुक्तछंदातही लय असते हे त्याला माहीत असतं. अडचण काळाची आहे. ‘फ्री जॅझ’ हे नाव रूढ झालं ते कोलमनच्याच १९६१च्या त्या नावाच्या अल्बमनंतर. १९५९बद्दल लिहिताना ‘मुक्त शैली’, ‘मोकळी उपज’ म्हणा, पुढच्या चळवळीला ‘फ्री जॅझ’ म्हणा. विशेषनामाचं भाषांतर करू नका.

विचारणा

‘फ्री जॅझ’च्या उपशीर्षकात ‘कलेक्टिव्ह इम्प्रोव्हायझेशन’ आहे. ‘सामूहिक उपज’ चालेल? आणि मूळ वाक्यातलं ‘पदार्पण’, ‘संमिश्र स्वागत’ यांचं काय करू?

प्रतिसाद

‘सामूहिक उपज’ वाचून वनोपज आणि शेतमाल डोळ्यांसमोर येतो. ‘जुगलबंदी’ तर नकोच, तिथे दोघं असतात आणि बहुतेक पाळीपाळीने वाजवतात. इथे दोन चौकड्या आहेत, आठ वादक, एक चौकडी स्टीरिओच्या डाव्या बाजूला, दुसरी उजव्या, आणि सुमारे ३७ मिनिटं सलग वादन. एकाचा सोलो चालू असताना बाकीचे मध्येच त्यात आपली वाक्यं मिसळतात. ‘सगळ्यांनी मिळून केलेली उपज’ असं उलगडून लिहा. दोन शब्द वाढले तर वाढू देत.

‘पदार्पण’ काढाच. क्रिकेटमध्ये पदार्पणात शतक ठोकतात, तिथे तो शोभतो. आणि इथे माहितीही चुकते. कोलमनचा पहिला अल्बम १९५८चा ‘समथिंग एल्स’, कंटेम्पररी कंपनीचा. त्यात वॉल्टर नॉरिसचा पियानो होता. दुसरा ‘टुमॉरो इज द क्वेश्चन’. ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ हा तिसरा, अटलांटिक कंपनीसाठी केलेला पहिला आणि या चौघांच्या चौकडीचाही पहिला. ध्वनिमुद्रण २२ मे १९५९ला हॉलिवूडमध्ये एका दिवसात झालं. म्हणून ‘चौकडीचा पहिला अल्बम’ असं लिहा.

आता ‘स्वागत’. मराठीत स्वागत हे चांगलंच असतं. हारतुरे आले तर स्वागत, दगड आले तर ते स्वागत नव्हे. ‘संमिश्र स्वागत’, ‘थंड स्वागत’ ही मराठीची मोडणीच नाही. आपण म्हणतो : वाद माजला, मतं दुभंगली, काहींनी डोक्यावर घेतलं, काहींनी झिडकारलं. इथे तर घडलंही अगदी तसंच, मग ‘संमिश्र’सारखा मिळमिळीत शब्द कशाला?

१७ नोव्हेंबर १९५९पासून ही चौकडी न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या जॅझ क्लबमध्ये वाजवू लागली. ठरले होते दोन आठवडे, मुक्काम लांबला अडीच महिन्यांपर्यंत. कोलमनच्या हातात पांढरा प्लास्टिकचा सॅक्सोफोन. संगीतकार आणि वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाइन खूश झाला. मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा जॉन लुइस आणि समीक्षक मार्टिन विल्यम्स आधीपासून कोलमनच्या बाजूने उभे होते. उलट ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजसारख्या जाणत्याला वाटलं की हा आपल्याला बनवतोय, आणि त्याने ते उघड बोलूनही दाखवलं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसही सुरुवातीला कडवटच बोलला. समीक्षकांपेक्षा वादकांमधली ही फूट मला जास्त बोलकी वाटते. लेखात तिला जागा द्या. ‘समीक्षकांकडून’ या एका शब्दात ती सगळी हरवते.

वाक्य असं करून बघा : ‘चौकडीच्या या पहिल्या अल्बममधल्या मोकळ्या उपजेवरून वादक आणि समीक्षक दोघांतही उभे तट पडले.’

ख्यालवाले वाचक

‘लोनली वुमन’ ऐकलं. हेडनच्या बासमध्ये खर्ज धरून ठेवल्यासारखा भास होतो. उपज या शब्दाला आता माझी हरकत नाही. एक विचारतो, ‘अँटी-जॅझ’ या शिवीला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

‘जॅझद्रोही’ म्हणा. ‘जॅझविरोधी’ फार सभ्य होतं. ‘अँटी-जॅझ’ हा शब्द डाउनबीट या अमेरिकी जॅझ नियतकालिकात जॉन टायननने १९६१मध्ये जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी या वादकांच्या वादनाला उद्देशून वापरला होता, त्यामुळे तो कोलमनच्या १९५९च्या अल्बमला जोडू नका. कोलमनवर हाच टायनन तुटून पडला तो ‘फ्री जॅझ’च्या वेळी. १८ जानेवारी १९६२च्या अंकात डाउनबीटने त्या एकाच अल्बमची दोन परीक्षणं शेजारी शेजारी छापली. पीट वेल्डिंगने पाचपैकी पाच तारे दिले, टायननने एकही दिला नाही.

तिथे ‘परीक्षण’च लिहा. ‘समीक्षा’ सावकाश, मागे वळून, पुष्कळ संदर्भ घेऊन होते. तारे देऊन महिन्याच्या महिन्याला छापतात ते परीक्षण. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१२च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ घेतला, त्याला यातलं काहीच म्हणता येणार नाही. तिथे ‘समावेश केला’ एवढंच पुरे.