कर्नल अपडेट केल्यापासून डी ड्राइव्हवर काहीच सेव्ह होईना, सल्ला द्या

सेलूकर_झेरॉक्स:
राम राम मंडळी. सेलूला झेरॉक्स-डीटीपीचं दुकान हाय माझं. डेस्कटॉपवर विंडोज १० आणि लिनक्स मिंट २१.३ दोन्ही टाकलेलेत. अपडेट मॅनेजरमधून कर्नल (मिंटचा गाभा) ५.१५ वरून ६.८ वर नेलं आणि तेव्हापासून डी ड्राइव्ह (एनटीएफएस हाय, म्हणजे विंडोजच्या पद्धतीचा, गिऱ्हाइकाच्या सगळ्या फायली तिथंच) उघडतो, वाचता येतंय, पण सेव्ह करायला गेलं की करूच देईना. मध्ये विंडोजमध्ये जाऊन एक फॉर्म भरला तर तिथं सगळं व्यवस्थित. पीकविम्याची गर्दी चालूय, लोकं दारात उभेत. एक पोरगा म्हणला चमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) मार सगळ्यावर. मारू का? का जुन्या कर्नलवर जाऊ?

बिनधास्त_पेंग्विन:
मारा की. सुडो (रूट म्हणजे मुख्य मालकाच्या अधिकारानं कमांड चालवायचं) लावून पार मुळापासून, डॅश आर (आतल्या सगळ्या फोल्डरांसकट) टाकून. परमिशनची कटकटच मिटती.

गोदाकाठचा:
अहो थांबा, सेलूकर, असलं काही करू नका. मुळापासून ७७७ मारलं की सुडोच्या स्वतःच्या फाइलवरचा सेटयूआयडी बिट (रूटच्या अधिकारानं चालू देणारी खूण) उडतो, मग सुडोच म्हणतो मी चालणार नाही, एसएसएचच्या (दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायच्या) किल्ल्या पण "फार उघड्या आहेत" म्हणून नाकारल्या जातात. आणि एवढं करून डी ड्राइव्हला काहीच फरक पडणार नाही, कारण आपल्याकडं एनटीएफएस साधारणपणे जसं माउंट होतं (म्हणजे सिस्टिमला जोडलं जातं) त्यात चमॉडला कोणी विचारतच नाही. तिथं मालक कोण, परवानगी काय हे माउंट करतानाच ठरतं, यूआयडी (मालकाचा नंबर) आणि यूमास्क (कोणती परवानगी काढायची ते) देऊन.

आधी एक सांगा, एरर नेमकी काय येती? अक्षर न् अक्षर सांगा. "परवानगी नाही" असं आपण सगळ्यालाच म्हणतो, पण परमिशन डिनाइड, ऑपरेशन नॉट परमिटेड आणि रीड-ओन्ली फाइल सिस्टिम ही तीन वेगळी दुखणी हायत. पहिल्यात बहुतेक वेळा मालक नाहीतर ग्रुप चुकलेला असतो. दुसऱ्यात तुम्ही मालक असून पण सिस्टिम अडवती, उदा. फाइलवर इम्यूटेबलचा (बदलता न येणारी) शिक्का असला की रूटला सुद्धा पुसता येत नाही. तिसऱ्याचा परमिशनशी काही संबंधच नाही.

सेलूकर_झेरॉक्स:
टर्मिनलमध्ये टच (रिकामी फाइल बनवायची कमांड) करून पाहिलं. रीड-ओन्ली फाइल सिस्टिम दाखवायलंय.

गोदाकाठचा:
मग कर्नलच्या मागं लागू नका. तरी खात्री करायची तर रीबूट करताना शिफ्ट नाहीतर एस्केप दाबून ग्रबचा (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा) मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना ५.१५ असंल, त्यावर बूट करा. तिथं पण हेच झालं तर बिचारा ६.८ सुटला.

माझा संशय विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर हाय. तुम्ही मध्ये विंडोजमध्ये जाऊन आलात ना? फास्ट स्टार्टअप चालू असला की शटडाउन म्हणलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं हायबरनेट होतं (चालू स्थिती डिस्कवर ठेवून झोपतं) आणि ड्राइव्हची माहिती धरून बसतं. मग लिनक्स बघतो की ड्राइव्ह अजून दुसऱ्याच्या ताब्यात हाय, लिहिलं तर फायलींची वाट लागंल, म्हणून नुसतं वाचायला उघडतो. तो तुमचा डेटाच वाचवायलाय खरं तर. तुम्ही कधी तरी फास्ट स्टार्टअप बंद केलेला असला तरी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर परत चालू झालेला सापडतो.

विंडोजमध्ये जा, कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू, तिथं फास्ट स्टार्टअपची खूण काढा. खूण पुसट दिसत असंल तर वर एक चेंज सेटिंग्जची ओळ असती, ती आधी दाबा. मग नीट शटडाउन. लईच घाई असंल तर विंडोजमधून शटडाउनऐवजी रीस्टार्ट मारा न् ग्रबमध्ये मिंट निवडा, रीस्टार्टला हा अर्धवटपणा होत नाही.

उदगीरवाला:
हेच आमच्याकडं वेगळ्या कारणानं झालं होतं. लाइट गेली, इन्व्हर्टर बसलेला, पीसी धाडकन बंद. नंतर एनटीएफएस नाही, मिंटचा स्वतःचा मुख्य ड्राइव्ह, ईएक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीचा), तोच रीड-ओन्ली झाला. एफएसटॅबमध्ये (कोणता ड्राइव्ह कसा माउंट करायचा त्या यादीत) मुख्य ड्राइव्हपुढं एरर्स इज इक्वल टू रीमाउंट-आरओ लिहिलेलं असतं, म्हणजे फाइल सिस्टिममध्ये गडबड दिसली की कर्नल स्वतःच कुलूप लावतो. सुडो डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) करून ईएक्सटी४ एरर दिसती का बघावी (बिनसुडो केलं तर आजकाल तेच ऑपरेशन नॉट परमिटेड म्हणतं, घाबरू नये). रिकव्हरी मोडमधून एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) केलं. परत परत व्हायला लागलं तर हार्डडिस्क तपासा, ती जायला लागलेली असती.

वसमतचा_जुगाडू:
याच धाग्यात विचारतो, रागावू नका. कॉलेजच्या प्रोजेक्टला ओलावा मोजायचा सेन्सर आर्डुइनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड) लावलाय, अपडेटनंतर टीटीवाययूएसबी०ला (बोर्ड जोडलेल्या यूएसबी पोर्टला) परमिशन डिनाइड. सुडोनं आयडीई (आर्डुइनोचं प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) उघडली की चालतं. तसंच चालवू का?

गोदाकाठचा:
नको रे बाबा. सुडोनं आयडीई चालवली की तुझ्या होममधल्या फायली रूटच्या नावावर व्हायला लागतात आणि मग खरी परमिशनची भानगड सुरू होती. तुझं दुखणं वर सांगितलेल्या तिघांतल्या पहिल्या जातीचं, परमिशन डिनाइडचं. एलएस डॅश एल करून पोर्ट बघ, ग्रुप डायलआउट (असले पोर्ट वापरू देणारा ग्रुप) दिसंल. मग ग्रुप्स कमांड मार, तुझ्या नावापुढं डायलआउट नसंल तर: सुडो यूजरमॉड डॅश ए कॅपिटल जी डायलआउट आणि तुझं यूजरनेम. (फोनवरून टायपायलोय, उच्चारावरून इंग्रजीत टाइप कर.) त्यातला "ए" विसरायचा नाही. तो राहिला तर बाकीच्या ग्रुपमधून बाहेर पडशील, त्यात सुडो पण आला, मग रिकव्हरी मोडशिवाय गत्यंतर नाही.

वसमतचा_जुगाडू:
केलं सर. ए टाकला होता. तरी तेच म्हणायलंय.

गोदाकाठचा:
लॉगआउट करून परत लॉगिन कर. टर्मिनल बंद करून उघडल्यानं होत नाही, ग्रुप लॉगिनच्या वेळी मोजले जातात.

सेलूकर_झेरॉक्स:
दादा, फास्ट स्टार्टअप चालूच निघाला. बंद केला, शटडाउन केलं, मिंटमध्ये आलो, सेव्ह व्हायलंय. कर्नल ६.८ च ठेवलाय. एनटीएफएसफिक्स म्हणून पण एक कमांड वाचली, ती मारायची गरज हाय का?

गोदाकाठचा:
आता चाललंय तर नको. ती विंडोजच्या चेकडिस्कची (डिस्क तपासायच्या कमांडची) जागा घेत नाही, थोडीफार डागडुजी करून पुढची तपासणी विंडोजवरच टाकती. सवड झाली की विंडोजमधून डी ला चेकडिस्क मारून घ्या. आणि जुना ५.१५ अपडेट मॅनेजरमधून लगेच काढू नका, महिनाभर असू द्या.

वसमतचा_जुगाडू:
लॉगिन केल्यावर चाललं. सेन्सर कोरड्या मातीत पण ओलं दाखवायलाय, पण ते आता वायरिंगचं असंल, वेगळा धागा काढतो.