टूसॉनचे कोरडे ओढे: सॉइल सिमेंटचे काठ बांधावेत की जागा मोकळी सोडावी?

वाळूचापट्टा
अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये सांताक्रूझ, रिलिटो या नद्या आणि त्यांना मिळणारे ओढे बहुतांश ठिकाणी वर्षातला बहुतेक काळ कोरडे असतात. ऑक्टोबर 1983 मध्ये सांताक्रूझला सेकंदाला सुमारे 1,490 घनमीटर पाणी आलं. घरांत पाणी शिरलं त्याहून जास्त नुकसान काठ कापले गेल्याने झालं. पुलांचे जोडरस्ते आणि काठालगतच्या इमारती ढासळल्या. त्यानंतर मैलोन्‌मैल काठ सॉइल सिमेंटने, म्हणजे वाळू-खडीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या थरांनी, बांधले गेले.

माझं मत स्पष्ट आहे: उरलेल्या लहान ओढ्यांवर हे करू नये. काठ बांधले की पुराला पसरायला जागा उरत नाही, मग खालच्या वस्तीत लोंढा मोठा होऊन आणि लवकर पोचतो. काठातून येणारी वाळूही थांबते, ती कसर पाणी तळ खरवडून भरून काढतं. तळ खाली गेला की मेस्कीट आणि पालो व्हर्दे या वाळवंटी झाडांच्या मुळांना पुराचं पाणी मिळत नाही. वाळवंटातली झाडी याच चिंचोळ्या पट्ट्यात दाटते, पक्षी-प्राणी तिच्याच आधाराने ये-जा करतात.

पायाखोल
सपशेल असहमत. तुम्ही हे काँक्रीटच्या नाल्यासारखं मांडताय. इथे तळ उघडाच राहतो, पाणी मुरतं. ओढ्यातलीच वाळू-खडी, त्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास सिमेंट, सळई नाही. 15 ते 30 सेंमीचे थर रोलरने दाबून पायऱ्यांसारखे चढवत नेतात. थर सुमारे अडीच मीटर रुंद, कारण त्यावर यंत्रं चालावी लागतात. 1983 च्या आधी बांधलेले असे काठ त्या पुरात टिकले.

फसतं ते दोन जागी. पायथा खरवडीच्या खोलीपेक्षा वर ठेवला तर खालून पोकळी होऊन भिंत बसते. आणि बांधकामाचं वरचं टोक पक्क्या जमिनीत आत वळवून घेतलं नाही, तर पाणी मागून घुसतं. हे दोष कामाचे आहेत, पर्यायाचे नाहीत.

वाळूचापट्टा
पायथा खोल नेल्याने भिंत वाचेल. पण तुमची भिंत संपते तिथून खाली तळ खचतच राहतो, मग तिथल्या लोकांनाही भिंत हवी होते. ही साखळी कुठे थांबवायची?

उगमाकडे
वरच्या अंगाला अटकाव तलाव, म्हणजे पुराचं पाणी अडवून हळूहळू सोडणारे तलाव, का नकोत? पावसाळी वादळातला लोंढा टोकदार असतो, पण एकूण पाणी थोडं. लहान पाणलोटात तलाव तो सहज बोथट करतो. अट एकच: दर मोसमानंतर गाळ उपसायचा आणि निर्गमाच्या जाळीतला काडीकचरा काढायचा. नाहीतर पुढच्या वादळात पाणी सांडव्यावरून जातं.

पायाखोल
1983 चा पाऊस उष्णकटिबंधीय वादळाच्या अवशेषाचा होता, कित्येक दिवस चाललेला. असे तलाव तेव्हा आधीच भरलेले असतात. शिवाय वाळू तलावात अडकते आणि बाहेर पडणारं नितळ पाणी खालचा तळ आणखी खातं. म्हणजे वाळूचापट्टा यांनी सुरुवातीला केलेली तळ खरवडण्याची तक्रार इथेही लागू होते.

वाळूचापट्टा
म्हणूनच जमीन विकत घ्या म्हणतो. टूसॉन ज्या पिमा काउंटीत येतं, ती 1984 पासून पूरप्रवण जमिनी विकत घेते आहे; टूसॉनजवळच्या सिएनेगा क्रीक या ओढ्याचा पट्टा 1986 मध्ये राखीव झाला. घाई यासाठी की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या सॅकेट खटल्यातल्या निकालानंतर फक्त पावसापुरते वाहणारे बरेच ओढे संघराज्याच्या भराव-परवान्याच्या (ओढ्यात भराव टाकायला लागणाऱ्या परवानगीच्या) कक्षेतून सुटले. आता भार स्थानिक नियमांवर आहे.

पायाखोल
रिकाम्या जमिनीबाबत मान्य. पण जिथे घरं काठापासून दहा मीटरवर उभी आहेत, तिथे खरेदी होईपर्यंत पूर थांबत नाही. तिथे सॉइल सिमेंटच, फक्त आजच्या काठावर न बांधता घरांच्या बाजूला जमेल तितकं मागे सरकवून. मधली झाडी उपटायची नाही. झाडांमुळे पाण्याची पातळी चढते ती आधीच हिशोबात धरून भिंतीची उंची ठरवायची.

वाळूचापट्टा
दहा मीटरमध्ये मागे सरकणार किती? आणि देखभालीच्या नावाखाली ती झाडी पुढे छाटली जाणार नाही, ही अट मंजुरीच्या कागदावर येत नाही तोवर माझा विरोध कायम.